पदूची सायकल

धर्मा खलाशी कुणाला कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा विचारत नसे. एकदा विचारायचं, जे कानावर पडेल ते घ्यायचं आणि चालू लागायचं. समोरचा तोंडात पानाचा तोबरा भरून बोलला असेल, शेजारून इंजिन शिट्टी मारत गेलं असेल, निम्मंच ऐकू आलं असेल, तरी नाही. मी कर्जत स्टेशनात पार्सलचा कारकून होतो. नवाच बदलून आलेला, त्यातून घाटावरचा, म्हणून सगळे मला 'घाटी बाबू' म्हणत. एक दिवस खिडकीशी एक काळा, उंच, कानात भिकबाळीसारखं काहीतरी घातलेला माणूस येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबू, रत्नांग्रीकडची आंब्याची करंडी कवा येल?" मी कामात होतो. मान वर न करता "बघू उद्या" असं काहीतरी पुटपुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून हा बाबा माझ्या खिडकीसमोर बाकावर बसून. हूं नाही की चूं नाही. संध्याकाळी कुलूप लावताना मी विचारलं, "अहो, काय काम होतं?" तर म्हणे, "करंडी." मी कपाळाला हात लावला. करंडी सकाळीच आली होती आणि दिवसभर माझ्या पाठीमागे पडून निम्मी मऊ झाली होती. "विचारायचं नाही का पुन्हा?" मी खेकसलो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "काल इचारलं व्हतं ना. पुन्यांदा इचारायचं म्हंजे समोरच्याला खोटा पाडायचं. तुमी 'उद्या' म्हनलात, मी उद्या आलो." आता या माणसाशी भांडणार तरी कसं? करंडीतले शाबूत राहिलेले आंबे त्यानं माझ्याच टेबलावर ठेवले आणि मऊ झालेले घरी नेले.

कर्जतला पुण्याकडं जाणारी गाडी थांबते, तिला मागून इंजिनं जोडतात आणि ती इंजिनं गाडीला ढकलत घाट चढवतात. त्या इंजिनांच्या शेडमध्ये धर्मा खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा मजूर, होता. गाव भिवपुरीच्या अंगाला, विहिरीपलीकडं भाताची थोडी खाचरं, घरी बायको पार्वती. मूलबाळ नव्हतं. आईबाप लवकर गेले म्हणून धाकट्या भावाला, पदूला, यानंच वाढवलं होतं. "मी त्याचा बाप बी हाय आन् आय बी मीच," असं तो सांगे, आणि ते सांगताना छाती जरा पुढं काढी.

दुसरी एक खोड त्याला होती. हातात घेतलेलं काम तो मेला तरी दुसऱ्याच्या हाती देत नसे. बरं, हात काही फार कसबी होता असं समजू नका. जोर मात्र भरपूर. माझ्या टेबलाचा खण अडकायचा, तो यानं "मी हाय ना, तुमी सरका बाजूला" म्हणून असा काही दुरुस्त केला की त्यानंतर माझी बदली होईपर्यंत तो खण उघडला नाही. आत माझा चष्मा होता. मी बोंब मारली तर म्हणतो, "आता निदान हलत तरी नाय." शेडमधले लोक त्याला हसत. पण ओझं उचलायला, कुणाचं माणूस दवाखान्यात न्यायला, मयताला खांदा द्यायला पहिला हाक कुणाला मारत, तर धर्माला.

पदू दिसायला याच्या उलट. गोरटेला, नाजूक, भांग पाडणारा, शिट्टी वाजवत चालणारा. त्याचं लग्न झालं तेव्हा धर्मानं त्याला सायकल घेऊन दिली. नवी कोरी, हिरवी. पदू रोज ती पुसायचा. आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत एका बाजाराच्या दिवशी त्यानं काय केलं, तर बायकोला, सोनीला, सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवलं आणि घंटी वाजवत भर बाजारातून चक्कर मारली. आज यात काही नाही. पण तेव्हा नवी सून डोक्यावरचा पदर वाऱ्यावर सोडून नवऱ्याच्या दोन हातांच्या मधे बसून हसत चाललीय, हे बघायला अख्खा बाजार थांबला. कुणीतरी टवाळी केली. धर्मा शेडमधून सुटून तिथंच आला होता. त्यानं सायकल अडवली आणि पदूच्या थोबाडीत दिली. एकच. पण बायकोच्या देखत.

पदूनं बायकोला खाली उतरवलं, सायकल उस्मानभाईच्या दुकानाला टेकवली, स्टेशनकडं गेला आणि समोर उभी असलेली गाडी पकडली. कुठली ते कुणालाच माहीत नाही. उस्मानभाईचं सायकल दुरुस्तीचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. त्यांनीच मला ही हकीगत सांगितली. म्हणाले, "बाबू, पोराच्या गालावर पाच बोटं उठली व्हती. पन तो गालाला हात लावत नव्हता, बायकोकडं बघत व्हता."

मग सुरू झालं वाट बघणं. धर्मानं कल्याण बघितलं, मुंबईच्या गोद्या बघितल्या, पुणं बघितलं. प्रत्येक ठिकाणी एकेकदाच विचारलं असणार, ही माझी खात्री! सायकल त्यानं घरी आणून ओटीवर टांगून ठेवली होती, कुणाला चढू देत नव्हता. माणूस पार खंगला. शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा आणि तसाच झाकायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "अहो, थोबाडीत काय, आम्ही वडिलांच्या हातचा वेताचा मार खाल्लाय!" तर म्हणाला, "मार खाल्ला असंल, बाबू. पन बायको समोर नव्हती ना तवा."

दोनेक वर्षं अशी गेली. मग खालापूरकडचा एक म्हातारा काशी करून, तसाच पुढं नेपाळात पशुपतिनाथाला जाऊन आला. तो धर्माच्या घरी प्रसाद घेऊन आला तो ही बातमी घेऊनच. पदू भेटला होता. तिकडं मोठ्या रस्त्याच्या कामावर मुकादम होता. घाट चढून पलीकडं उतरलं की पहिली वस्ती लागते, तिथं एका म्हातारीच्या घरी खोली घेऊन राहत होता. "घरी चल म्हनलं तर गप बसला," म्हातारा सांगत होता. "पन सायकल हाय का माजी, असं इचारलंन."

झालं! त्या एका वाक्यानं धर्मा पेटला. दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी हजर. "बाबू, तुमाला हिंदी येतं. माज्यासंगं चला. पास दोघांना बी हाय. सायकल घेऊन जायची." मी म्हटलं, "अहो, एवढ्या लांब सायकल कशाला? भावाला घेऊन या, सायकल इथं आहेच की." तो म्हणाला, "तसं नाय. त्याच्या म्होरं सायकल उभी करायची आन् सांगायचं, ही घे, आन् बसव बायकोला, बाजारातून ने न्हायतर गावातून ने, मी कायबी बोलनार नाय. रिकाम्या हातानं सांगितलं तर कोन ऐकंल?" मला हे पटलं. खरं सांगायचं तर मलाही जग बघायची हौस होती. मी माझीही सायकल घेतली. उस्मानभाईंनी दोन्ही सायकली तेलपाणी करून दिल्या, हत्यारांची छोटी पिशवी बांधून दिली आणि निघताना म्हणाले, "धर्माभाऊ, चढावर दमानं. पायडलवर नाचू नको."

गाड्या बदलत बदलत आम्ही रक्सौलला उतरलो आणि सायकली हाणत नेपाळात शिरलो. सुरुवातीचा सपाट रस्ता मजेत गेला. धर्मा गात होता. त्याला गाताना मी पहिल्यांदा आणि शेवटचं तेव्हाच ऐकलं. पुढं घाट लागला. आमचा बोरघाट बघितलेला माणूस मी, पण हा चढ संपेचना. मी आपला उतरून सायकल ढकलत होतो. धर्मा ऐकतो का? उभा राहून सगळा देह पायडलवर टाकत होता. आणि एका वळणावर 'टक' असा आवाज आला, डावं पायडल लुळं पडलं आणि धर्मा रस्त्यावर.

पायडलचा दांडा मधल्या आसाला ज्या लहानशा पाचरीनं आवळलेला असतो, ती पाचर, कॉटर पिन, मोडली होती. उस्मानभाईंनी पिशवीत जादा कॉटर दिली होती. ती बसवायला अगदी साधी. खालून दगडाचा आधार द्यायचा आणि वरून हलके टोले मारायचे. धर्मानं आधार न देता असा टोला हाणला की तीही वाकडी होऊन बसली. मी म्हणालो, "भले!" तो म्हणाला, "मी हाय ना. तुमी सरका."

जवळच चारदोन घरांची वस्ती होती, तिथं आम्ही आसरा घेतला. तिथं एक लोहार होता. खुणेनं खुणेनं त्याला मोडलेली पिन दाखवली, तर तो मान डोलवून हसला, भाता दाखवला, 'आत्ता करून देतो' असा हात केला. मी आनंदानं सायकल त्याच्याकडं वळवली. धर्मानं हँडल धरलं. "नाय. परक्याचा हात नको. पदूची सायकल हाय. मी मोडली, मीच करीन." मी सांगून बघितलं, रागावून बघितलं. म्हटलं, "इथून ट्रक जातात, सायकल ट्रकवर टाकू, संध्याकाळी तुमचा भाऊ समोर!" नाही म्हणजे नाही. सायकल चालवतच भावाच्या दारात न्यायची. मोडकी सायकल ट्रकवरून उतरवून त्याच्यापुढं टाकायची नाही. मी हात टेकले.

मग धर्मा खिळे गोळा करत फिरला. एक जाडजूड खिळा त्याला कुणाच्यातरी मोडक्या दारात मिळाला. तो घेऊन ओढ्याकाठी बसला आणि दगडावर घासू लागला. पाचरीला एका बाजूनं उतार लागतो, तो नेमका यावा लागतो. घासायचा, बसवून बघायचा, काढायचा, पुन्हा घासायचा. बोटांची सालं निघाली. पहिला खिळा जास्त घासला गेला आणि आरपार निसटून गेला. दुसरा बसला, पण चार पावलांवर वाकला. दोन-तीन दिवस हेच. मी वैतागून ओढ्यात पाय सोडून बसे. वस्तीतली बायकापोरं येऊन बघून जात. लोहारही येऊन बघून जाई आणि माझ्याकडं पाहून खांदे उडवी.

पण शेवटी एकदाची बसली हो! धर्मानं सायकलवर टांग मारली, वस्तीला चक्कर मारली आणि घंटी वाजवत माझ्याभोवती घिरट्या घातल्या. "बगा बाबू! हालत नाय! बगा!" पन्नाशीकडं झुकलेला तो माणूस लहान पोरासारखा खिदळत होता. लोहारानंही त्याची पाठ थोपटली. मला त्याचा हेवा वाटला आणि मायाही वाटली. आम्ही तसेच निघालो. ती पिन खरंच हलली नाही. घाट चढलो, पलीकडं उतरलो, आणि पहिली वस्ती लागली.

म्हातारीचं घर लगेच सापडलं. धर्मानं तोंड धुतलं, पटका नीट बांधला. मी बरोबर निघालो तर मला थांबवून म्हणाला, "बाबू, तुमी हितं सायकलीपाशी थांबा. आधी मी येकला जातो. भावाभावांचं हाय." यात चूक काय होतं? मी दोन्ही सायकली धरून रस्त्यावर उभा राहिलो. घर बुटकं, दार बुटकं, छपरातून, दारातून धूर येत होता. रस्त्यापर्यंत माझ्या डोळ्यांत जात होता. धर्मा वाकून आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक जुना कोट होता. कर्जतच्या शिंप्यानं शिवलेला, पदूच्या लग्नातला. तोंड असं झालं होतं की मी विचारायचं धाडसच केलं नाही. त्यानं सायकलच्या सीटवर हात ठेवला आणि म्हणाला, "गेला."

"कुठं गेला?"

"मेला, बाबू. पदू पदू म्हनून मी इचारलं. म्हातारी म्हनाली, अस्थी. गयो म्हनाली. आन् नदीकडं हात केलान. डोळे पुसत व्हती. कोट दिलान हातात."

मी म्हणालो, "थांबा, मी जाऊन हिंदीत नीट विचारतो." त्यानं माझा दंड घट्ट धरला. "नको. रडतेय ती. परक्या बाईला माज्या भावापायी किती रडवायचं?" दारात ती म्हातारी पदरानं डोळे पुसत उभी होती, ते मीही पाहिलं. आम्ही खाली नदीवर गेलो. तिथं धर्मानं डोक्यावरचे केस उतरवले, पाण्यात उतरला आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहून ओरडला, "पदूऽ, सायकल आनलीय रं!" ते ओरडणं मी कधी विसरणार नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून मीही ढसाढसा रडलो.

घरी आल्यावर धर्मानं सायकल पुन्हा ओटीवर टांगली, उल्हास नदीच्या काठी दर्भाचा पुतळा केला, त्याला तो कोट घातला आणि अग्नी दिला. देह सापडत नाही त्याचं असंच करतात. सोनीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. वीस-बावीस वर्षांची पोर. तिकडं रीत अशी की धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी, म्हणजे भायाशी, समोरासमोर बोलायचं नाही. त्याच्या वाटेतही यायचं नाही. धर्मा घरात शिरताना खाकरायचा, की ती आत जायची. काही सांगायचं असलं तर दाराआडून पार्वतीला सांगायची. तेव्हा तिचं सांत्वन धर्मानं करायचं म्हटलं तरी करणार कसं? तो ओटीवर बसून भिंतीकडं बघत पार्वतीला म्हणाला, "तिला सांग, हे घर तिचं हाय."

त्यांच्यात दुसरा घरोबा लावायची, पाट लावायची चाल होती. सोनीला मागणीही आली. तिनं नकार दिला. घरीच राहिली. खाचरात राबली, भाजी घेऊन कर्जतच्या बाजारात बसली. दरवर्षी पितृपाटात पदूचं पान वाढायची. मी जायचो कधीकधी जेवायला. अळूची भाजी, वडे, खीर. पदूला आवडायचं ते सगळं. पानापुढं ती हात जोडून उभी राहायची आणि पदराआड काहीतरी पुटपुटायची. पार्वतीवहिनी एकदा मला म्हणाली, "बाबू, बोलते त्याच्याशी. रोज बोलते. भांडत बी नाय."

वर्षं गेली. पंधरा-सोळा तरी. मधे माझी बदली झाली, मी निवृत्तीला आलो तेव्हा पुन्हा कर्जतला येऊन स्थायिक झालो. धर्मा रेल्वेतून सुटला होता आणि खोपोलीजवळ साजगावच्या एका कारखान्यात फाटकावर बसत होता. बरोबर एक नेपाळी रखवालदार होता. सगळ्या नेपाळी रखवालदारांना आपल्याकडं बहादूरच म्हणतात, तसं त्यालाही म्हणत.

एका दुपारी धर्मा माझ्या घरी आला. नुसता आला नाही, येऊन दारातच बसला. मी म्हटलं, "काय हो, तब्येत बरी नाही का?" तो म्हणाला, "बाबू, तुमाला अस्ति म्हंजे काय ठावं हाय?"

हकीगत अशी. सकाळी फाटकावर दुसरा एक नेपाळी आपल्या गाववाल्याला शोधत आला. बहादूर त्याला आपल्या भाषेत म्हणाला, "ऊ त अस्ति गयो." धर्माच्या हातातला चहा सांडला. त्यानं बहादूरला विचारलं, "कौन मर गया?" बहादूर हसायला लागला. "मरा नहीं धर्माभाई, परसों गाँव चला गया. अस्ति माने परसों." धर्मा म्हणाला, "फिर से बोल." बहादूर पुन्हा बोलला. धर्मा म्हणाला, "आन् येकदा बोल." असं तो किती वेळा विचारत राहिला कुणास ठाऊक. शेवटी बहादूर घाबरला म्हणे.

आपल्याकडं 'गेला' म्हटलं की एक तर कुठं गेला, नाहीतर मेला. आणि अस्थी म्हटल्यावर शंका कुठली उरते? ते बुटकं घर माझ्या डोळ्यांपुढं आलं, तो धूर आला. म्हातारी रडत नव्हती हो! चुलीच्या धुरानं तिचे डोळे चुरचुरत होते. हात केला होता तो नदीकडं नव्हे, नदीकाठानं खाली जाणाऱ्या रस्त्याकडं. कोट जुना झाला म्हणून टाकून गेला असेल. परवा गेला, परवा! आणि आम्ही तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर ओढ्याकाठी बसून खिळा घासत होतो.

धर्मानंही तोच हिशेब केला होता. "लोहाराला दिली असती तर गाठला असता, बाबू," तो म्हणाला. आपले हात उलटेसुलटे करून बघत राहिला. "माज्या हातानं भाऊ घालवला, माज्या हातानं जाळला. जित्त्या मानसाला जाळला. आन् त्या पोरीच्या बांगड्या..." मी काय समजूत घालणार? मी म्हणालो, "कुणाला सांगू नका. झालं ते झालं." तो उठला. "सांगाया पायजे. सोळा वर्सं तिनं कपाळ मोकळं ठेवलंय. तिला नाय सांगायचं तर कोनाला?" मला त्याला एकट्याला सोडवेना, मी त्याच्याबरोबर गेलो.

त्या दिवशी तो खाकरला नाही. सरळ मागच्या अंगणात गेला. सोनी भात पाखडत होती. त्याला समोर पाहून ती गडबडून उठली, पदर ओढून आत वळली. धर्मा म्हणाला, "थांब. तुज्याशीच बोलायचंय." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. अस्ति म्हणजे काय तेही सांगितलं. "मी चुकलो. तो मेला नव्हता. आज बी असंल कुठंतरी. तू कुंकू लाव."

ती पाठमोरीच उभी होती. मग तिनं पदर मागं सारला आणि वळली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा धर्मानं तिचं तोंड नीट पाहिलं असेल.

"दादा," ती म्हणाली, "सायकलवर बसायची हौस मला व्हती. मीच म्हनले त्याला, मला बाजारातून ने. थोबाडीत त्यानं खाल्ली, आन् माज्या तोंडातून शबुद फुटला नाय. तो मेला असं तुमी सांगितलंत, तवा मी म्हनलं, बिचारा येनार व्हता, पन मरनानं आडवला. त्याच्यावर मी जगले. रोज त्याच्याशी बोलले. आता तुमी म्हनता जित्ता हाय. मंग सोळा वर्सं आला का नाय? कर्जतची वाट इसरला? का मलाच इसरला?" तिचा आवाज चढला नाही. "मेला व्हता तर माजा व्हता. जित्ता हाय तर कोनाचा हाय तो? कशाला आनलात त्याला परत? ऱ्हाऊ द्या मेलेला."

तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला बसली. धर्मा अंगणातच खाली बसला. मी अवघडून दाराशी उभा. आत पार्वतीवहिनी तोंडात पदर कोंबून रडत होती. सोनी मात्र रडली नाही. त्या वर्षी पितृपाटात तिनं पदूचं पान दरवर्षीसारखंच वाढलं आणि धर्मा त्या पंगतीला बसून जेवला. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी समोर येऊन बोलू लागली. गावात चार तोंडं चार गोष्टी बोलली. तिनं कुणाला भीक घातली नाही.

धर्मा मात्र त्यातून उठला नाही. कारखाना सोडला. सायकल ओटीवरून काढून उस्मानभाईच्या मुलाकडं नेऊन दिली, "मोडून लोखंडात घाल" म्हणाला. मी बहादूरकरवी त्याच्या मुलखात निरोप धाडायचं सुचवलं, तर हात जोडून म्हणाला, "नको, बाबू. तिनं नको म्हनलंय." छातीत कफ धरला, जेवण तुटलं. पुढच्याच पावसाळ्यानंतर अंथरूण धरलं. सोनी त्याला भरवी, थुंकी झेली, पाठ चोळी. मी रोज सकाळी भिवपुरीला जाऊन बसायचो. त्याला माझी ओळख कधी पटे, कधी नाही.

शेवटच्या दिवशी मी होतो. दुपारचं ऊन दारापर्यंत आलं होतं. खाट आत घेतली होती, पार्वतीवहिनी पायाशी, मी उशाशी, सोनी हातात पेजेची वाटी घेऊन उभी. धर्मानं डोळे उघडले, दाराकडं पाहिलं आणि अगदी स्पष्ट विचारलं, "पदू आला का?"

पार्वतीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मग सोनी पुढं झाली, खाटेशी वाकली.

"आला, दादा," ती म्हणाली. "भायेर पाय धुतोय. येतोच हाय."

धर्मानं मान हलवली. आणि अंगात त्राण नव्हतं तरी खाटेवर थोडा थोडा सरकत त्यानं एका माणसाला बसायपुरती जागा केली.